शिशाच्या आयसोटोपवरून सोन्याचं मूळ : खाणीतल्या दगडाला चालतं, मग दागिन्याला का नाही?

विट्याचा_टंच (धागाकर्ता)

विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यात गलाई (सोनं-चांदी आटवून शुद्ध करणं) हा घरोघरचा विषय. देशात कुठल्याही सराफ बाजारात जा, मुशीसमोर बसलेला माणूस बहुधा आपल्याकडचाच निघतो. म्हणून सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा इथं टाकतोय (आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) : "सोन्यात शिशाचा जो अंश असतो त्याचे आयसोटोप मोजले की ते सोनं कोलारचं, हट्टीचं की दक्षिण आफ्रिकेचं हे कळतं."

माझे प्रश्न :
१. सोन्याचं मूळ शोधायला सोन्याचेच आयसोटोप का वापरत नाहीत?
२. खाणीच्या बाबतीत शिसं मोजतात ते नक्की कशातलं?
३. आटवलेल्या सोन्याला हे लागू पडतं का?

माझं मत असं की खाणीपुरतं शास्त्र पक्कं आहे, पण आटवलेल्या सोन्याबाबत ही निव्वळ थाप आहे. खोडून दाखवा.

बेसाल्ट_बहाद्दर, कराड (१)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे : सोन्याचा स्थिर आयसोटोप एकच, १९७. तुलना करायला दुसरा नाहीच.

शिशाचे चार आहेत. २०४ हा किरणोत्सर्गातून तयार होत नाही, पृथ्वी बनली तेव्हा होता तेवढाच आहे. २०६ येतो युरेनियम-२३८ पासून (अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं), २०७ येतो युरेनियम-२३५ पासून (७०.४ कोटी) आणि २०८ थोरियम-२३२ पासून (सुमारे १४०० कोटी). त्यामुळे खडकात युरेनियम आणि थोरियम किती होतं आणि किती काळ होतं, यावर त्यातल्या शिशाची गुणोत्तरं ठरतात. त्या खडकातून गरम पाण्याबरोबर शिसं निघालं आणि गॅलेना (शिशाचं गंधकयुक्त खनिज) म्हणून शिरेत बसलं की ते युरेनियमपासून तुटतं. तिथून पुढं गुणोत्तर बदलत नाही.

सुरुवातीचा आकडा कॅन्यन डियाब्लो उल्केतल्या ट्रॉयलाइट या खनिजावरून घेतात : २०६/२०४ = ९.३०७ आणि २०७/२०४ = १०.२९४. क्लेअर पॅटरसनने १९५६ साली पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं ते उल्कांमधल्या शिशावरूनच.

कृष्णाकाठ (२)

म्हणजे शिसं चुगली करतं आणि सोनं गप्प बसतं. श्रीमंतांचं असंच असतं.

गॅलेना_ताई (३)

दुसरा प्रश्न. मोजायला पसंतीचा क्रम साधारण असा : गॅलेना, मग अल्टाइट (शिशाचं टेल्युराइड), मग पायराइट आणि आर्सेनोपायराइट (लोखंडाची गंधकयुक्त खनिजं). यजमान खडकाची (ज्यात शीर बसली त्याची) तुलना करायची तर पोटॅशियम फेल्डस्पार. खुद्द सोन्याचा कण सगळ्यात शेवटी.

कारण प्रमाणाचं. गॅलेनात ८६.६ टक्के शिसं आणि युरेनियम जवळपास नाहीच. एक मिलिग्रॅमचा कण घेतला तरी त्यात ८६६ मायक्रोग्रॅम शिसं, आणि यंत्राला लागतं एखादा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी. उलट निसर्गात सापडणाऱ्या सोन्यात शिसं काही पीपीएमच (दहा लाखांत काही भाग) असलं, तर १० मिलिग्रॅम सोनं विरघळवून काही दहा नॅनोग्रॅम हाती लागतात. एवढ्याशा शिशावर हातमोज्याची धूळसुद्धा भारी पडते.

पायराइटमध्ये थोडं युरेनियम शिरलेलं असतं. म्हणजे स्फटिक बनल्यानंतरही त्यात नवीन शिसं तयार होत राहतं. ते वजा केलं नाही तर खाण आहे त्यापेक्षा तरुण दिसते.

माणदेशी (४)

वजा कसं करायचं? युरेनियम मोजून?

गॅलेना_ताई (५)

@माणदेशी, एक रस्ता तोच. त्याच चूर्णाचा वेगळा भाग घेऊन युरेनियम, थोरियम आणि शिसं मोजायचं आणि ठेवीचं वय माहीत असेल तर तेवढ्या काळाची भर वजा करायची. पण धुताना युरेनियम आधी निघून जातं, त्यामुळे ही वजाबाकी बऱ्याचदा फसते.

दुसरा रस्ता टप्प्याटप्प्यानं आम्लात विरघळवण्याचा. पायराइट ६० ते ८० मेशच्या चाळणीला उतरेल इतकं कुटायचं, सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ कण हातानं निवडायचे, सौम्य हायड्रोक्लोरिकने पृष्ठभागावरचं शिसं धुऊन टाकायचं. मग वाढत्या तीव्रतेच्या आम्लात एकेक टप्पा विरघळवून प्रत्येक टप्प्याचं शिसं वेगळं मोजायचं. युरेनियमजन्य शिसं आणि मूळ शिसं वेगवेगळ्या टप्प्यांत निघतं. ते बिंदू एका रेषेत आले तर रेषेच्या उतारावरून वय मिळतं, आणि सर्वांत कमी २०६/२०४ असलेला टप्पा मूळ गुणोत्तराच्या जवळ जातो. बिंदू विखुरले तर समजायचं की पायराइट एका पिढीचं नाही.

बेसाल्ट_बहाद्दर, कराड (६)

क्र. ३ मधल्या क्रमाला माझी हरकत आहे. गॅलेना पहिलं हे सोयीचं आहे, बरोबर असेलच असं नाही. सोन्याच्या पुष्कळ शिरांमध्ये गॅलेना उशिरा आलेलं असतं. सोनं पायराइटच्या आत अडकलेलं आणि गॅलेना नंतरच्या भेगेत, असं असेल तर तुम्ही मोजलेलं शिसं दुसऱ्याच पाण्याबरोबर आलेलं असू शकतं. मग आकडा चार दशांश स्थळांपर्यंत अचूक आणि निष्कर्ष चूक.

म्हणून आधी पॉलिश केलेला काप परावर्तित प्रकाशात बघायचा आणि सोनं कोणाला चिकटलंय ते ठरवायचं. सोन्याला खेटून अल्टाइट असेल तर त्याच्यासारखं काही नाही. शिसं भरपूर, युरेनियम नाही आणि सोन्याचा सोबती. कालगुर्लीच्या टेल्युराइड शिरांमध्ये ते सापडतं.

गॅलेना_ताई (७)

अल्टाइटबद्दल वाद नाही, पण ते सगळीकडे मिळत नाही हो. शिवाय मिळालं तरी त्याचे कण गॅलेनाला बिलगलेले असतात आणि हातानं वेगळे करताना नजर दमते. व्यवहारात गॅलेना आणि पायराइट दोन्ही मोजावीत. गुणोत्तरं जुळली तर एकच उगम मानायला आधार मिळतो. जुळली नाहीत तर तुमची हरकत मान्य.

मिरज_जंक्शन (८)

पॉपकॉर्न नको, भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

चंदन_वंदन (९)

गुणोत्तर मिळाल्यावर पुढं काय करतात ते कोणी लिहिलं नाही. ते आलेखावर टाकतात : आडव्या अक्षावर २०६/२०४, उभ्यावर २०७/२०४. त्यावर स्टेसी आणि क्रेमर्स यांची १९७५ची वाढरेषा (काळागणिक शिशाची गुणोत्तरं कशी वाढली ते दाखवणारी) काढलेली असते. तिच्यावरचे काही बिंदू :

२७० कोटी वर्षांपूर्वी : १३.६३ आणि १४.६९
१०० कोटी वर्षांपूर्वी : १७.०७ आणि १५.५१
आजचं सरासरी भूकवच : १८.७० आणि १५.६३

उभा अक्ष बघा. पहिल्या १७० कोटी वर्षांत २०७/२०४ हे ०.८ ने वाढलं. नंतरच्या १०० कोटी वर्षांत फक्त ०.१२ ने. युरेनियम-२३५ लवकर संपत आलं म्हणून. त्यामुळे कोलार-हट्टीसारख्या आर्कियन (२५० कोटी वर्षांहून जुन्या) ठेवींमध्ये प्राचीन कवचाचं शिसं की कवचाखालच्या मँटलमधून नव्यानं आलेलं, हे २०७ वरून स्वच्छ वेगळं दिसतं. तरुण ठेवींमध्ये मात्र सगळे बिंदू एकमेकांच्या अंगावर पडतात. तिथं २०८/२०४ ची मदत घ्यावी लागते.

झार्टमन आणि डो यांनी १९८१ साली मँटल, वरचं कवच, खालचं कवच आणि पर्वतनिर्मितीचा पट्टा अशा चार रेषा दिल्या. अनेक लेखांत बिंदू 'पर्वत पट्टा' रेषेजवळ पडला की 'मिश्र उगम' लिहून मोकळे होतात. ती रेषा मुळात मिश्रणाचीच सरासरी आहे, त्यामुळे त्या वाक्यातून नवीन काहीच कळत नाही.

खंडोबाचा_भंडारा (१०)

कोलारचं उदाहरण जरा खुलवून सांगा की राव.

चंदन_वंदन (११)

कोलारचा सोन्याचा पट्टा उत्तर-दक्षिण अरुंद आहे. त्याच्या पश्चिमेचा नीस खडक आणि पूर्वेचा नीस खडक वेगवेगळ्या इतिहासाचे. पश्चिमेकडच्या शिशात ३०० कोटी वर्षांहून जुन्या कवचाची खूण दिसते. पूर्वेकडचा नीस सुमारे २५३ कोटी वर्षांचा आणि त्यात तशी जुनी खूण नाही. म्हणूनच १९८९ मध्ये हा पट्टा म्हणजे दोन भूखंडांचा सांधा आहे अशी मांडणी झाली. अशा ठिकाणी शिरेतलं गॅलेना किंवा पायराइट मोजून ते कोणत्या बाजूच्या खडकाशी जुळतं हे विचारता येतं. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर शिसं कितीही अचूक मोजून उपयोग नव्हता. पद्धत कुठं चालेल हे यंत्रापेक्षा भूगोलावर ठरतं.

शंकेखोर_सातारकर (१२)

आपल्या साताऱ्या-सांगलीत ही पद्धत कुठं चालेल? आणि कृष्णेच्या वाळूत चमकतं ते सोनं नव्हे ना?

बेसाल्ट_बहाद्दर, कराड (१३)

सोन्यासाठी नाही चालणार, कारण सोन्याची ठेवच नाही. महाबळेश्वरपासून सांगलीपर्यंत कृष्णा बेसाल्टवरून वाहते. वाळूत चमकतं ते बहुतेक कॅल्साइट, झिओलाइट नाहीतर काचेचा तुकडा. सोन्याचे शिस्ट पट्टे खूप खाली कर्नाटकात. हट्टी रायचूर दुआबात, कृष्णा आणि तुंगभद्रेच्या मध्ये.

पण शिशाचे आयसोटोप आपल्या घाटात दुसऱ्या कामाला लागले आहेत. आपल्या बेसाल्टच्या वाई उपगटात पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर अशी फॉर्मेशन (लाव्ह्याच्या थरांचे गट) आहेत. वर येताना लाव्ह्यात कवचाचा खडक किती मिसळला हे शिसं, स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियमवरून काढतात. अंबेनळी सर्वांत कमी दूषित, आणि लोणावळा उपगटातलं बुशे सर्वांत जास्त.

कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटरचं भोक पाडलं, त्यात सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइट-नीस लागला. खाली धारवाडी खडक आहे म्हणजे सोनं असू शकतं, असा हिशेब कोणी करत असेल तर धरणाच्या भिंतीकडं बघून करावा.

खंडोबाचा_भंडारा (१४)

भूकंपानं आधीच हलतंय, त्यात तुम्ही खाणीचं काढू नका.

मुर्दाडशिंग (१५)

आता तिसऱ्या प्रश्नाकडं वळू, कारण धागाकर्ते तिथंच ठाम आहेत.

आटवलेल्या सोन्यात शिसं कुठून येतं याची यादी करा. झाडूच्या मातीतून सोनं काढताना शिसं किंवा मुर्दाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) घालतात, सोनं त्या शिशात उतरतं आणि मग शिसं जाळून काढतात. टंच (शुद्धता) काढताना नमुना चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून कुपलवर (सच्छिद्र वाटीवर) ठेवतात. वितळलेल्या शिशाचं ऑक्साइड बहुतांश कुपल पिऊन घेतं, थोडं धुरावाटे जातं. शेवटी राहिलेल्या मण्यात जे सूक्ष्म शिसं उरतं ते पत्र्याचं असतं, खाणीचं नव्हे.

आता आकडे. मूळ सोन्यात शिसं ३ पीपीएम आणि शिशाच्या भट्टीतून बाहेर आल्यावर ३०० पीपीएम, असं धरा. म्हणजे मोजलेल्या शिशातला फक्त एक टक्का खाणीचा. उरलेले ९९ टक्के ज्या खाणीतून भट्टीचं शिसं आलं तिचे. भारतात ते बऱ्याचदा राजस्थानातल्या प्राचीन खडकांमधलं असणार. त्यामुळे दागिना आफ्रिकेच्या सोन्याचा असला तरी तो 'राजस्थानचा' निघेल. हळद कुठली हे शोधायला पोत्याचा ताग तपासायचा, तसला प्रकार.

विट्याचा_टंच (१६)

हेच म्हणत होतो. आम्लराजच्या (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकच्या मिश्रणाच्या) पद्धतीत काय होतं? तिथं शिसं घालत नाहीत.

मुर्दाडशिंग (१७)

घालत नाहीत, पण येतं. आम्लराजात सोनं विरघळलं, चांदीचं क्लोराइड तळाला बसलं, गाळलं. हुशार कारागीर इथं सल्फ्युरिकचे थोडे थेंब टाकतो म्हणजे शिसं सल्फेट होऊन बसतं. मग मेटाबायसल्फाइट किंवा हिराकस घालून सोनं पाडायचं. या सगळ्यात मूळ शिसं बहुतेक निघून जातं आणि जे शेवटी लगडीत दिसतं ते आम्लांतून, सवागीतून (टाकणखारातून) आणि मुशीतून आलेलं. म्हणजे सोनं जितकं शुद्ध, तितकं त्यातलं शिसं परकं.

९१६च्या डागात (२२ कॅरेटच्या दागिन्यात) अजून एक वाटेकरी : तांबं. समजा सोन्यात २ पीपीएम शिसं आणि मिसळलेल्या तांब्यात ५०. ९१.६ टक्के सोनं १.८ पीपीएम देतं, ८.४ टक्के तांबं ४.२ देतं. एकूण सहा पीपीएममध्ये ७० टक्के शिसं तांब्याच्या खाणीचं. तरी यात झाळ धरलेलीच नाही.

शंकेखोर_सातारकर (१८)

मग आयर्लंडच्या कांस्ययुगातल्या सोन्याचं काय? ते दागिनेच होते ना?

चंदन_वंदन (१९)

बरोबर पकडलंत. २०१५ मध्ये क्रिस स्टँडिश आणि सहकाऱ्यांनी तिथल्या आद्य कांस्ययुगीन वस्तूंमधलं शिसं लेझरने मोजलं. आयर्लंडच्या ज्ञात सोन्याशी ते नीट जुळलं नाही आणि नैर्ऋत्य ब्रिटनकडे, म्हणजे कॉर्नवॉलकडे, बोट गेलं. ते चाललं कारण त्या काळी नदीतून वेचलेलं सोनं जवळपास तसंच ठोकून वापरत. शिशाची भट्टी मध्ये आली नव्हती. तरीही फक्त शिशावर न विसंबता चांदी, तांबं, कथील यांचं प्रमाणही बघितलं.

आणि तिथंही निष्कर्ष 'इथलं असण्याची शक्यता जास्त' असाच राहतो. शिसं जुळलं नाही तर ते ठिकाण खोडता येतं. जुळलं म्हणजे तेच ठिकाण असं नाही, कारण दुसऱ्या खंडातलं एखादं ठिकाणही त्याच आकड्यावर बसू शकतं.

कसोटीचा_दगड (२०)

लेझर म्हटलं की पाऱ्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. लेझरने वाफ केलेला नमुना थेट मल्टिकलेक्टर यंत्रात (सगळे आयसोटोप एकाच वेळी मोजणाऱ्या) जातो, मध्ये रासायनिक शुद्धी नाही. पाऱ्याचा २०४ आणि शिशाचा २०४ तिथं एकाच जागी पडतात. पाऱ्याने धरलेल्या सोन्यात तर पारा उरतोच. म्हणून पारा-२०२ मोजायचा, त्याला ०.२३० ने गुणायचं आणि तेवढं २०४ मधून वजा करायचं. पारा शिशापेक्षा फार जास्त असला की ही वजाबाकी डळमळते आणि सगळे बिंदू २०४ च्या चुकीच्या तिरक्या रेषेवर पसरतात. ती रेषा वयाच्या रेषेसारखी दिसते, म्हणून नवख्यांचा तिच्यावर जीव जडतो. तपासायचं असेल तर २०४ न येणारा २०८/२०६ विरुद्ध २०७/२०६ आलेख काढा. पसारा आकसला तर दोष २०४ चा.

विरघळवून करायचं तर सोनं आम्लराजात, मग हायड्रोब्रोमिक आम्लात आयन-विनिमय राळेच्या नळीतून. सोनं राळेला घट्ट धरून बसतं, शिसं नंतर हायड्रोक्लोरिकने सोडवून घेतात. कोऱ्या आम्लाची चाचणी १०० पिकोग्रॅमच्या आत हवी. यंत्रातला वस्तुमानाचा कल थॅलियम टाकून (२०५/२०३ माहीत असतं) किंवा दुहेरी स्पाइकने (माहीत प्रमाणातले दोन शिसे-आयसोटोप मिसळून) दुरुस्त करतात. रोज एसआरएम ९८१ (गुणोत्तरं ठरलेलं प्रमाण शिसं) मोजायचं : २०६, २०७, २०८ची २०४शी गुणोत्तरं १६.९४, १५.५०, ३६.७२ आली तर पुढं. नाही आलं तर त्या दिवशीचे नमुने लावूच नका.

मिरज_जंक्शन (२१)

कोऱ्या आम्लात शिसं कुठून येतं?

कसोटीचा_दगड (२२)

बाटलीतून, हवेतून, झाकणाच्या रबरातून. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत ते शिसं आहेच. पॅटरसनला स्वच्छ प्रयोगशाळा उभारावी लागली ती यामुळेच. आपल्याकडं हैदराबादच्या एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) सारख्या ठिकाणी अशा सोयी आहेत.

दगडप्रेमी (२३)

एक राहिलं. मॉडेल वयाला (वाढरेषेवरून काढलेल्या वयाला) खरं वय समजू नका. अमेरिकेतल्या मिसुरीच्या गॅलेनात २०६/२०४ वीसच्या वर जातं आणि सूत्र वय ऋण देतं, म्हणजे खनिज भविष्यात तयार होणार! शिसं युरेनियम-समृद्ध खडकातून आलं की असं होतं. ठेवीचं वय रेनियम-ऑस्मियमने (रेनियमच्या किरणोत्सर्गावरून) किंवा दुसऱ्या मार्गाने वेगळं काढावं. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याचं वय २००२ मध्ये रेनियम-ऑस्मियमने सुमारे ३०३ कोटी आलं, तिथल्या गोट्यांच्या थरांपेक्षा जास्त. म्हणजे सोनं आधीच्या डोंगरातून वाहत आलं, या बाजूला वजन मिळालं.

शंकेखोर_सातारकर (२४)

म्हणजे शिसं सांगतं ते शिशाबद्दल, सोन्याबद्दल आपण जोडून घेतो.

बेसाल्ट_बहाद्दर, कराड (२५)

हो, आणि तो जोड क्र. ६ मधल्या पॉलिश केलेल्या कापावर टिकतो. काप न दाखवता फक्त आलेख छापलेला लेख मी बाजूला ठेवतो.

विट्याचा_टंच (२६)

तिसऱ्या प्रश्नावर कोणी खोडलं नाही, थोडी दुरुस्ती झाली : न आटवलेलं, भट्टी न पाहिलेलं जुनं सोनं अपवाद. आता शेवटची शंका. देवस्थानातला जुना ठोकीव डाग असेल आणि विश्वस्त कापू देत नसतील तर?

कसोटीचा_दगड (२७)

लेझर. झाळीपासून, कडीपासून आणि पॉलिशच्या भागापासून दूर, मागच्या बाजूला. आधी एकदा वरचा थर उडवून टाकायचा आणि मग मोजायचं, कारण हाताळून आणि घासून पृष्ठभागावर परकं शिसं बसलेलं असतं. १०० मायक्रॉन रुंद, ५० खोल खड्ड्यात सुमारे ८ मायक्रोग्रॅम सोनं जातं. १० पीपीएम असेल तर त्यात शिसं फक्त ८० पिकोग्रॅम, म्हणून एका खड्ड्याऐवजी रेघ मारतात. तीन-चार ठिकाणी मोजून आकडे एकमेकांत जुळत नसतील तर डाग दोन सोन्यांचा आहे असं समजून थांबायचं.

विट्याचा_टंच (२८)

८ मायक्रोग्रॅमची घट कोणी धरणार नाही.

कृष्णाकाठ (२९)

तुमचा सराफ वेगळा दिसतोय.